तात्यांचं देणं

शिरोळच्या आमच्या गल्लीत दिवाळीला तीन पत्ती सगळ्यांनाच यायची, पोकर फक्त तात्यांना. उभी हयात बोटीवर, इंजिनरूममध्ये गेलेली. परदेशी खलाशांबरोबर बसून ते शिकले. गावी परतल्यावर पैसे लावून मात्र कधी खेळले नाहीत. ओसरीवर घोंगडं अंथरायचं, मधे चिंचोक्यांचा ढीग, एक चिंचोका दहा रुपयांचा. समोर मी, कॉलेजात जाणारा.

त्यांचा आवडता डाव असा. माझ्या हातात बदामाची दोन पानं, खाली उघड्या चारांत आणखी दोन बदाम. शेवटचं एक पान यायचंय. बदाम आला तर डाव माझा, नाही तर त्यांचा. मधे सहाशे. तात्या आपले उरलेसुरले दोनशे पुढे सरकवत : "सगळे लावले. बोल."

दोनशेत आठशे मिळणार म्हणून माझा हात आपसूक पुढे जायचा. तात्या मनगट धरायचे. "आधी मोज, लेका." न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम ९. हाच डाव ४६ वेळा आला असं धर. ९ वेळा आठशे, म्हणजे ७,२०० आले. ३७ वेळा दोनशे, म्हणजे ७,४०० गेले. दोनशेचा तोटा, डावामागे सव्वाचार रुपयांहून थोडा जास्त. पानं टाक. मधे सातशे असते तर? ८,१०० आले, ७,४०० गेले. मग बिनधास्त लाव. अर्धवट मोडलेल्या डावातले पैसे कसे वाटायचे, यावर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ साली एकमेकांना पत्रं लिहिली, त्यातून हे गणित उभं राहिलं, हेही मी त्या घोंगड्यावरच ऐकलं.

पण त्यांचं खरं देणं पुढचं आहे.

२००५च्या महापुरानंतर काही वर्षांनी मला नदीकाठचं मळीचं रान खंडाने मिळत होतं. जमीन लोण्यासारखी, वांगी अशी येतात की बाजारात नाव सांगावं लागत नाही. मात्र राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेतून विसर्ग वाढला, की नरसोबाच्या वाडीला कृष्णेच्या संगमावर पंचगंगेला फुग येते आणि पाणी रानात शिरतं. ऊस काही दिवस तग धरतो, भाजीपाला नाही. माझ्याकडे सगळे मिळून चार लाख होते. पाणी आलं नाही तर वर दोन लाख सुटणार, आलं तर चारही जाणार. पाच वर्षांतून एकदा पाणी येतं असं धरून मी हिशेब मांडला : एक लाख साठ हजारांतून ऐंशी हजार वजा, वर्षाला ऐंशी हजार फायदा. अभिमानाने कागद तात्यांपुढे ठेवला.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "पण पाणी आलं तर पुढच्या डावाला बसणार कशाच्या जोरावर?" मग त्यांनी पेन्सिलीने खाली एक ओळ लिहिली. बेल लॅबमधल्या केली नावाच्या शास्त्रज्ञाचं १९५६ सालचं सूत्र : हरण्याच्या शक्यतेला नफ्याच्या प्रमाणाने भागायचं आणि तो भागाकार जिंकण्याच्या शक्यतेतून वजा करायचा. ०.२ भागिले ०.५ म्हणजे ०.४, ०.८ मधून ०.४ गेले, उरले ०.४. "चाळीस टक्के. एक लाख साठ हजार लाव, त्यावर एक रुपया नको."

त्या वर्षी पाणी आलंच नाही. ज्यांनी सगळं लावलं त्यांनी दोन-दोन लाख उचलले, मला ऐंशी हजार सुटले. घरात बरीच बोलणी खाल्ली. तात्या एवढंच म्हणाले, "पाणी आलं नाही म्हणून गणित चुकलं नाही. आलं असतं म्हणून ते बरोबरही ठरलं नसतं." आयुष्यात मला कुणी इतकं मोलाचं काही दिलेलं नाही.

२०१९च्या ऑगस्टात मळी पाण्याखाली गेली, तेव्हा तात्या नव्हते. चाळीस टक्के गेले, साठ राहिले. मुलीची फी भरली आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा रोपं आणली. २०२१च्या जुलैत परत तेच. तेव्हा मी वही काढली, पाचांतून एकदा हा अंदाज खोडून तीनांतून एकदा असा धरला आणि तात्यांच्या पद्धतीने पुन्हा मांडणी केली. उत्तर शून्य आलं. खंडाचं रान सोडलं.