घोडबंदरातला 'बंदर'

घोडबंदर किल्ल्यावरून उल्हासची खाडी दिसते. इथे अरब व्यापारी घोडे उतरवत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. 'घोडा' आपला, 'बंदर' फारसी. जोडशब्द मात्र पक्का मराठी. किल्ला पोर्तुगिजांनी बांधला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. बिल्डरच्या जाहिरातीत यातलं काहीच नसतं. तिथे उरतो फक्त 'खाडीचा व्ह्यू', आणि त्याचे वेगळे पैसे.

२०१६ च्या कायद्याने ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग ५३ मध्ये आली. बोटी सुरू व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. घोडबंदर रोडला तासभर अडकलेल्या कुणालाही विचारा! पण कोळ्यांच्या होड्या कुठे लागणार, जाळी कुठे वाळणार, हे नकाशात आधी आखा. दुकानं, बाग, फूड कोर्ट त्यानंतर.

आणि किल्ल्यापाशी इतिहासाचा फलक लावाल तेव्हा त्या अरब व्यापाऱ्यांनाही एक ओळ द्या. आमच्या मुलांना अजून विचारतात, 'तुम्ही मूळचे कुठले? मराठी इतकं छान कसं बोलता?' ती ओळ मराठीतच लिहा. आमची मुलं ती मोठ्याने वाचतील.