ताप उतरल्यानंतर

ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, शेजारी चौकशी करायचे थांबतात आणि डॉक्टर तापाच्या पुढच्या पेशंटकडे वळतात. चिकुनगुनियात खरं दुखणं तिथून पुढे सुरू होतं. २०२४च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात त्याची साथ होती, तेव्हा ठाकुर्लीत आमच्या इमारतीतही घरोघर कोणी ना कोणी आडवं झालेलं होतं. बाकीचे हळूहळू हिंडूफिरू लागले. माझे सांधे मात्र धरले ते धरलेच. सकाळी मूठ वळायची नाही. कुकरचं झाकण लागायचं नाही, ब्लाउजचे हूक लावायला सून लागायची, लोकलमध्ये वरची कडी धरली की मनगटातून कळ निघायची. दुपारी बोटं जरा मोकळी असायची. त्या वेळी भेटणाऱ्याला वाटायचं, हिला तर काहीच झालेलं नाही.

तपासण्या झाल्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड ठीक, एक्स-रे स्वच्छ. एका डॉक्टरांनी वयावर ढकललं, दुसऱ्यांनी मनावर. रिपोर्ट नॉर्मल आला की दुखणाऱ्या माणसाला आनंद व्हावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण दुखणं तसंच असताना कागद स्वच्छ आला की माणूस एकटा पडतो, आपल्याच शरीराची साक्ष आपल्याला खोटी वाटू लागते.

त्याच सुमारास माझी भाची कनेक्टिकटमध्ये लाइमच्या आजाराने हैराण होती. हरणांवरच्या बारीक गोचिडीपासून होणारा हा आजार. घरामागचा पालापाचोळा ओढताना तिला गोचीड चावली असावी. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स झाला. सोबत बाबेसियाही निघाला. हा परजीवी तांबड्या पेशींत शिरतो, सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियासारखा दिसतो आणि डॉक्सिसायक्लिनला दाद देत नाही, म्हणून त्याची औषधं वेगळी. तीही घेऊन झाली. तरी थकवा जाईना, गुडघेदुखी जाईना. "मावशी, इथेही तेच गं. रिपोर्ट चांगले, आणि मला जिना चढवत नाही."

ज्या लाइम गावावरून आजाराला नाव पडलं ते तिच्याच राज्यात आहे. तिथल्या पॉली मरे या बाईच्या घरात वर्षानुवर्षं कोणाचे सांधे सुजायचे, कोणाच्या अंगावर चट्टे उठायचे. डॉक्टर तिचं म्हणणं मनावर घेत नव्हते. तिने लक्षणं लिहून ठेवायला सुरुवात केली आणि १९७५मध्ये आरोग्य खात्याला कळवलं. जुडिथ मेन्श या दुसऱ्या आईनेही तक्रार केली. येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन स्टीअर यांनी शोध घेतला तेव्हा आसपासच्या वस्तीत एक्कावन्न रुग्ण मिळाले, त्यांत एकोणचाळीस मुलं. जंतू सापडायला पुढे काही वर्षं गेली. १९८१मध्ये विली बर्गडॉर्फर यांना तो गोचिडीच्या पोटात दिसला. एका आईने लिहून ठेवलेल्या नोंदी आधी होत्या, प्रयोगशाळा नंतर आली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

भाचीला कोणीतरी महिनोन् महिने शिरेतून अँटिबायोटिक घ्यायचा सल्ला दिला होता. ती घ्यायला निघालीही होती, आणि मी तिला दोष देणार नाही. पण २००१मध्ये अमेरिकेत आणि २०१६मध्ये नेदरलँड्समध्ये याची नीट परीक्षा झाली आहे. लांबलेल्या लक्षणांच्या रुग्णांना दीर्घकाळ अँटिबायोटिक दिलं, तरी न दिलेल्यांपेक्षा त्यांना जास्त बरं वाटलं नाही. शिवाय शिरेत बसवलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन माणसं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. लांबलेल्या लाइमवरून तिथे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात उभं भांडण आहे. माझ्या मते औषधाबद्दल डॉक्टर बरोबर आहेत आणि दुखण्याबद्दल रुग्ण. डॉक्टर पहिली गोष्ट सांगून थांबतात आणि दुसरी ऐकून घेत नाहीत, तेव्हा रुग्ण जो ऐकून घेईल त्याच्याकडे जातो. आपल्याकडे तो पुड्या देणाऱ्याकडे जातो. पुडीने दोन दिवसांत हात हलके होतात. तिच्यात स्टेरॉइड असेल तर ते कोणी सांगत नाही, आणि पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

चिकुनगुनियाचं हे मागे राहणं नवं नाही. १९७३मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली होती. मग तीन दशकं सामसूम. २००६मध्ये तो परतला तेव्हा देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी त्या वेळी ग्रामीण भागातल्या रुग्णांच्या मागे दोन वर्षं राहिले. बहुतेकांचं दुखणं ओसरलं, थोड्यांचं नाही. ते थोडे कोण, हे कोणीतरी मागे राहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

मला शेवटी परळला एक संधिवाततज्ज्ञ बाई भेटल्या. रिपोर्टची फाइल त्यांनी बाजूला ठेवली आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?" हा प्रश्न तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, तास-दीड तास. मग त्यांनी दोन अंगठ्यांच्या चिमटीत माझ्या बोटांचं एकेक पेर धरून दाबलं, माझ्या चेहऱ्याकडे बघत. कुठे सूज आहे, कुठे नुसता ठणका, हे कागदावरच्या हातांच्या चित्रावर फुल्या मारून लिहिलं. म्हणाल्या, "विषाणूवर औषध नाही. सूज आहे, तिच्यावर आहे. वेळ लागेल, पण मी बघत राहीन." हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झालं, कोमट पाण्यात बोटांचे व्यायाम सुरू झाले, आणि सकाळची ती वेळ रोज लिहून ठेवायची असं ठरलं. आता ती अर्ध्या तासावर आली आहे. भाचीनेही नळीचा बेत सोडला. तिच्या नव्या डॉक्टरांनी झोप आणि हळूहळू वाढवायचा व्यायाम यावर भर दिला आहे. ती पूर्ण बरी नाही, पण जिना चढते.

आमच्या इमारतीत धुणंभांडी करणाऱ्या बाईंचीही मनगटं त्याच साथीत सुजली. मी त्यांना परळचं सांगितलं. त्यांनी आधी खाड्याचा हिशोब केला. ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही, स्लोने जाऊन केसपेपर काढून परत यायचं म्हणजे सगळा दिवस जातो, आणि चार घरचे खाडे. त्या गेल्या नाहीत, आणि कपडे पिळताना आजही दात आवळतात. डोंबिवलीचं शास्त्रीनगर आणि कल्याणचं रुक्मिणीबाई, ही महापालिकेची रुग्णालयं आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. साथ ओसरल्यावर वर्षभर तिथे आठवड्यातली एक संध्याकाळ, कामं आटोपल्यानंतरची, फक्त या सांध्यांसाठी राखून ठेवायला हवी. तिथे संधिवात समजणारा एक डॉक्टर बसावा, आणि मागच्या वेळी कुठे फुली मारली होती ते बघून त्याने पुन्हा पेर दाबून बघावं.