काळ्या पडद्यापुढे

मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात आमच्या हौशी मंडळींची रंगीत तालीम होती. छायाचित्रे काढायचे काम माझ्याकडे. रंगमंचावरचा उजेड मोठा लबाड! मागचा पडदा काळा, म्हणून कॅमेऱ्याला सारेच अंधारलेले वाटते. तो उजेड वाढवतो नि नटाचा चेहरा चुन्यासारखा पांढराफटक पडतो. म्हणून मी केवळ चेहऱ्यावरचाच प्रकाश मोजतो. आयएसओ ३२००, शटर १/१२५. फ्लॅश? छे, बिचाऱ्या प्रकाशयोजनाकाराने काय घोडे मारले आहे!

म्हाताऱ्याचे काम आमच्या शाळेचे निवृत्त शिपाईकाका करीत होते. डॉक्टरांनी यापुढे नाटक बंद करायला सांगितलेले. ‘सर, एक तरी फोटो चांगला येऊ द्या,’ एवढेच ते म्हणाले होते. वाक्य संपवून नट श्वास घेतो, तेव्हा क्षणभर मान स्थिरावते. काकांनी श्वास घेतला. मी बटण दाबले.