अष्टागरांतील एक गुरु

चौलच्या नारळीपोफळींच्या आगरांतून रेवदंड्यास आलें, कीं बेने इस्रायलांचें प्रार्थनामंदिर लागतें. 1948 नंतर त्यांचीं बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. पूर्वी या अष्टागरांत ते तेल गाळीत. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा व ग्रंथ मात्र ते विसरून गेले होते.

त्यांची परंपरा सांगते, कीं दावीद राहबी नांवाचा यहुदी येथें आला. त्यानें आरंभीं पोथी सोडली नाहीं. बायकांपुढें मासे ठेवले. (आम्हां शाकाहाऱ्यांस या परीक्षेचें मर्म चटकन् कळावयाचें नाहीं.) पर व खवले असलेले मासे तेवढे त्यांनीं निवडून घेतले, आणि हे आपलेच लोक, अशी त्याची खात्री पटली. मग झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांतील तीन तरुणांस त्यानें धर्मकृत्यें शिकवून तयार केलें. पदवी मात्र मुसलमानी अमलांतली, ‘काजी’!

मंदिराच्या पायरीवर बसलों असतां मला माझा जुना वर्ग आठवला. कोळ्यांच्या मुलांस मीं पहिल्याच दिवशीं ‘रामः रामौ रामाः’ घोकावयास लाविलें. आठवड्यांत निम्मीं बाकें रिकामीं झालीं. वारे, नक्षत्रें, भरती-ओहोटी त्यांस मुखोद्गत होतीं. त्यांच्या टोपलींत काय आहे, हें मीं कधीं विचारलेंच नाहीं.