लाल दिवा विझेना

आमचा ट्रॅक्टर बी-२७५. वडिलांनी भालकी तालुक्यातल्या शेतासाठी घेतलेला. गावची जमीन वाटण्यांत गेली तेव्हा ट्रकवर चढवून तो हैदराबादला आणला. आता शंकरपल्लीजवळच्या अडीच एकरात असतो. मोगडा घालतो, ट्रॉली ओढतो. एवढे काम त्याला पुरे आहे.

*

मॉडेल मुळात इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचे. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि हा ट्रॅक्टर कांदिवलीला बनू लागला. ३५ अश्वशक्ती. गावाकडची म्हातारी माणसे त्याला नुसते ‘इंटरनॅशनल’ म्हणतात.

*

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. एकदा सुरू झाले की बॅटरीशिवाय दिवसभर चालते. त्यामुळे चार्जिंग बंद पडले तरी कामात कुठेच अडत नाही. कळते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ नुसता ‘टक’ करतो तेव्हा. वडील ट्रॅक्टर नेहमी बांधाच्या उतारावर उभा करायचे. ती सवय मला लहानपणी शिस्त वाटे. खरे कारण बॅटरी भरणारा डायनॅमो होता: सेल्फ चालला नाही तर उतारावरून ढकलून सुरू करता यावा.

*

यंदा पावसाळ्यानंतर तेच झाले. दुकानदाराने बॅटरीकडे पाहूनच सांगितले, गेली. नवी घेतली. आठ दिवसांत तीही उतरली. मी काहीही न मोजता पैसे दिले, ही चूक सर्वस्वी माझी.

*

बॅटरीचे मोजमाप आधी. रात्रभर स्वस्थ ठेवलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू करून रेस दिल्यावर आकडा चढला पाहिजे. आमचा १२.१ वर अडून राहिला. म्हणजे बॅटरीत काही येतच नव्हते. दुसरी बॅटरी विकत घेण्याआधी हे एक मिनिटाचे काम होते.

*

हायड्रोमीटरविषयी. थंड देशात भरलेल्या बॅटरीचे अॅसिड १.२८० च्या आसपास ठेवतात. उष्ण हवेसाठी लुकासच्या जुन्या तक्त्यांत तोच आकडा १.२३० पर्यंत खाली येतो. हे माहीत नसलेला माणूस मे महिन्यात आकडा पाहून घाबरतो आणि वरून अॅसिड ओततो. त्याने प्लेटा खराब होतात. बॅटरीत एरवी टाकायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर.

*

डायनॅमोला दोन टोके असतात. मोठे डी, म्हणजे वीज बाहेर देणारे. लहान एफ, म्हणजे फिल्ड कॉइलचे. दोन्ही तारा कटआऊटच्या डब्याकडे जातात. त्या डब्यात दोन कामे चालतात. रेग्युलेटर फिल्डची वीज कमी-जास्त करून व्होल्ट आवरतो. कटआऊट डायनॅमोचा जोर बॅटरीपेक्षा वाढला की पॉइंट जुळवतो, इंजिन मंदावले की तोडतो. तोडला नाही तर बॅटरीच उलटी डायनॅमोत रिकामी होईल.

*

डायनॅमो जिवंत आहे की नाही, हे न खोलता कळते. दोन्ही तारा डायनॅमोवरून काढायच्या. डी आणि एफ एका लहान तारेने एकमेकांना जोडायचे. मीटरची एक पिन तिथे, दुसरी डायनॅमोच्या अंगावर. इंजिन सुरू करून हळूहळू रेस द्यायची. आकडा झरझर चढत २० व्होल्टपर्यंत गेला की डायनॅमो चांगला. तिथेच थांबायचे, आणखी रेस देऊ नये, कॉइल जळते. आकडा दोन-तीन व्होल्टवर घुटमळला तर लोखंडातली उरलीसुरली चुंबकशक्ती तेवढी बोलते आहे, फिल्ड काम करत नाही. काहीच आले नाही तर आधी कार्बन (ब्रश) पाहायचे.

आमचा २० पर्यंत गेला. सरसर. त्या क्षणी मला वडिलांची फार आठवण झाली.

*

तरीही मी डायनॅमो उतरवला, कारण कॉम्युटेटर कित्येक वर्षांत कोणी पाहिला नव्हता. तांब्याच्या पट्ट्यांवर काळपट चकाकी होती आणि मधल्या फटींत कार्बनची भुकटी दाबून बसली होती. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घासून बारीक केला आणि एकेक फट मोकळी केली. तांबे बारीक काचपेपरने फिरवत पुसले. एमरी वापरायचा नाही, त्याचे कण तांब्यात रुततात. पेट्रोलच्या फडक्याने पुसल्यावर तांबे नव्या पैशासारखे लाल दिसले. मागच्या बुशला इंजिन ऑइलचे चार थेंब दिले. चारच, जास्तीचे तेल कार्बनवर उडते.

*

बेल्ट: लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबला की साधारण अर्धा इंच वाकावा. फार ताणला तर बेअरिंग जाते.

*

आता चार्जिंगच्या लाल दिव्याकडे. या दिव्याच्या एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनॅमोचे डी टोक. दोन्हीकडे सारखा जोर आला की दिवा विझतो. म्हणून तो कसा जळतो हे नीट बघावे. रेस देऊनही एकसारखा लख्ख असेल तर डायनॅमो काही देत नाही. आमचा आधी मंद व्हायचा, विझल्यासारखा वाटायचा आणि रेस वाढवली की पुन्हा लख्ख. दोन दिवस मला याचा अर्थ लागला नाही. अर्थ असा: डायनॅमो बॅटरीच्या बरोबरीला येतो, पुढेही जातो, पण मधले दार उघडत नाही. वीज डब्यापर्यंत येऊन थांबते.

*

सिकंदराबादला राणीगंजात पंप, बेअरिंग, बेल्ट यांच्या दुकानांची गर्दी आहे. कटआऊटचा डबा घेऊन तिथल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी झाकण काढले, पॉइंटांमधून बोटभर कागदाची पट्टी ओढून काळे पुसले, डबा परत दिला. पैसे घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, “हौ, डब्बा अच्छा है. पैले अर्थ देखो.”

*

डब्याला ई नावाचे एक टोक असते. त्याची तार ट्रॅक्टरच्या अंगाला जाते. कटआऊट ओढणारी बारीक कॉइल त्या तारेवाचून पांगळी, रेग्युलेटरचीही तीच गत. इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन ई वर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थच्या टोकावर ठेवली. शून्याजवळ हवे तिथे ९ व्होल्ट. लगचा बोल्ट खोलला. वायसरखाली पांढरट-तांबडी पूड, पत्र्यावर खवले. पावसाळाभर ट्रॅक्टरच्याच शेडमध्ये युरियाची पोती ठेवली होती. खत ओल धरते आणि लोखंड खाते. बॅटरीची तार सोडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग बसवला, वरून ग्रीस लावले.

रेस दिली. डब्यात बारीक ‘टिक’ झाले आणि लाल दिवा विझला. बॅटरीवर १२.१ चा आकडा चढत अर्ध्या तासात १३.८ झाला.

*

ब्रिटिश घडणीच्या जुन्या यंत्रांत बॅटरीचा पॉझिटिव्ह अंगाला जोडलेला असणे सर्रास असे. आजचा मेकॅनिक सवयीने निगेटिव्ह जोडतो. तार लावण्याआधी खात्री करावी. दुरुस्तीनंतर किंवा वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर डायनॅमोला दिशा शिकवावी लागते: एफची तार सोडून बॅटरीच्या जिवंत टोकावरून एक तार एफला क्षणभर टेकवायची, दोन-तीनदा. ठिणगी उडते, म्हणून बॅटरीची झाकणे बंद हवीत आणि चार्जिंग नुकतेच झालेले नसावे. चार्जिंगमध्ये निघणारा वायू पेट घेतो.

*

अनेकांनी सल्ला दिला, अल्टरनेटर बसवून टाका. तो कमी फेऱ्यांतही जास्त वीज देतो हे खरे. रात्री दिवे लावून रोज काम असेल तर जरूर बसवावा. पण ज्याच्या कॉइल शाबूत आहेत असा डायनॅमो भंगारात देणे मला पटत नाही. त्याचा प्रत्येक भाग खोलता येतो, पाहता येतो, बदलता येतो.

*

जुन्या बॅटरीला बाहेरून सावकाश चार्जिंग दिले. सकाळी १२.५ होती. ती गेलेली नव्हती.

*

शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवले आहे: अर्थ कोणता, बंद असताना व्होल्ट, रेस दिल्यावर व्होल्ट, कार्बन बदलल्याची तारीख, बेल्टचा नंबर. तुमच्याकडे असा ट्रॅक्टर असेल तर तो नीट चालतो आहे तोवरच हे आकडे मोजून लिहून ठेवा.