मनूला, त्या ऑलिव्ह तेलाबद्दल

चि. मनूस,


रात्री अकराला आलेल्या तुझ्या त्या व्हिडिओने आत्याची झोप उडवली. पेलाभर ऑलिव्ह तेल, त्यात लिंबाचा रस, उपाशीपोटी घ्यायचं आणि सकाळी पित्ताशयातले खडे हिरव्या गोळ्या होऊन आपोआप बाहेर! वर तुझा प्रश्न: ‘करून बघू का? आणि तो अवयव काढला तरी चालतं म्हणतात, मग तो असतोच कशाला?’ बारावीला जीवशास्त्रात वर्गात पहिली आलेली मुलगी हे विचारते! तेव्हाच कॉमर्सला जाऊ नकोस म्हणून... असो. तो विषय तुझ्या बाबापुढे काढायची सोय नाही.

तेल प्यायचं नाही. हे वाक्य आधी पक्कं कर, मग पुढचं वाच.

पित्त पित्ताशयात तयार होत नाही, यकृतात होतं. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. यकृताच्या खाली चिकटलेल्या त्या पिशवीत मावतं मात्र जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. मग पिशवी करते काय? जेवणांच्या मधल्या वेळात आलेल्या पित्तातलं पाणी शोषून घेते आणि ते पाच ते दहा पट दाट करून ठेवते. म्हणजे पंगतीची वेळ येईपर्यंत थोडक्या जागेत भरपूर ऐवज तयार.

या पित्तात अन्न पचवणारं एकही एन्झाइम नसतं, हे ऐकून तुझ्यासारखे हुशार लोकही चमकतात. त्याचं काम वेगळंच. बासुंदीचं पातेलं नुसत्या पाण्याने धुऊन बघ, तूप तसंच तरंगत राहतं. साबण लागला की त्याचे बारीक कण होऊन ते पाण्याबरोबर जातं. पित्तातले क्षार आतड्यात हेच करतात. स्निग्ध पदार्थाचे मोठे थेंब फोडून बारीक करतात, तेव्हा कुठे स्वादुपिंडातून आलेल्या लायपेज या एन्झाइमला त्यांच्यावर काम करता येतं. पचलेली चरबी आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचवायचं कामही याच क्षारांचं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं त्यांच्याच सोबतीने अंगी लागतात.

एवढं करून क्षार वाया जात नाहीत. सुमारे ९५ टक्के क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाऊन पुन्हा यकृताकडे परततात. अंगात सगळे मिळून दोन ते चार ग्रॅम क्षार, पण तेच दिवसातून कित्येक फेऱ्या मारतात. आजी दळणाच्या पिशव्या धुऊन धुऊन वापरायची तेव्हा तू हसायचीस. शरीर तिच्याहून चिकट आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ही पिशवी आपल्या मनाने रिकामी होत नाही. जठरातून पुढे सरकलेलं अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आलं, आणि त्यात तेलतूप किंवा प्रथिनं असली, की आतड्याच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. १९२८ साली शिकागोत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी ते दाखवून दिलं. त्याचा निरोप पोचला की पिशवी आकसते आणि पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप सैल पडते. त्या झडपेला ज्याचं नाव आहे त्या रुग्गेरो ओड्डीने तिचं वर्णन १८८७ मध्ये केलं, तेव्हा तो इटलीत वैद्यकीचा विद्यार्थी होता. तुझ्याहून लहान. रात्री जागून व्हिडिओ बघत नव्हता.

म्हणजे निरोप तेलातुपाचा. आणि तू लग्नाच्या साडीसाठी महिनोन्‌महिने काय खात होतीस? काकडी, ताक, दुधीचा रस. गरम वरणभातावर चमचाभर तूप वाढलं तर ताट मागे सरकवायचीस. आत्याचं हे म्हणणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे आणि तुम्ही तिच्यामागे त्याची नक्कलही करता: तुपाला घाबरणारी पिढी एक दिवस पस्तावेल. हसा. पण झपाट्याने वजन उतरतं तेव्हा पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं, आणि त्याच वेळी पोटात स्निग्ध काही पडलं नाही तर पिशवी नीट आकसत नाही. पित्त साचतं, गाळ बसतो, गाळाचे खडे होतात. तुझ्या खड्यांना एवढंच कारण असेल असं नाही. बायकांना ते अधिक होतात, बाळंतपणात होतात, घराण्यातूनही येतात. दत्तूकाकांचं कोल्हापूरचं प्रकरण तुझ्या आईला विचार. जनावरांनाही होतात. आजीच्या बटव्यात गोरोचन असायचं ना, तो गाईबैलांच्या पित्ताशयातलाच खडा.

आणि त्या हिरव्या गोळ्या? २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असंच एक प्रकरण आलं होतं. अशा उपायानंतर पडलेले ‘खडे’ एका बाईने जपून आणले, ते तपासले, तर त्यात कोलेस्टेरॉल नव्हतं, पित्ताचा रंगही नव्हता. प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबणासारखा गोळा झालेला. खरे खडे होते तिथेच होते.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही, मनू. पेलाभर तेल एकदम पोटात गेलं की तोच निरोप जोरात जाणार, पिशवी करकचून आवळली जाणार आणि एखादा बारीक खडा नळीत जाऊन अडकला तर कावीळ. त्याहून वाईट म्हणजे स्वादुपिंडाला सूज.

‘काढलं तरी चालतं’ हे मात्र खरं. कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ सालच्या जुलैत पहिल्यांदा पित्ताशय काढलं. घोड्याला आणि हरणाला तर ते नसतंच. १९८५ मध्ये जर्मनीत एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया केली आणि १९९० साली आपल्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्तन उडवाडिया यांनी. पिशवी गेली की पित्त यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतं. काहींना काही दिवस पातळ शौचाला होते, बहुतेकांना पुढे नेहमीचं जेवण जमतं. म्हणून काही ते बिनकामाचं ठरत नाही.

सोनोग्राफीत सहज दिसलेल्या आणि कधी न दुखलेल्या खड्यांना डॉक्टर बरेचदा हातही लावत नाहीत. तुझं तसं नाही. पुरणपोळी खाल्ल्यावर उजव्या बरगडीखालून कळ निघून पाठीत गेली म्हणालीस, आणि तू ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपलीस! आता सर्जन ऑपरेशन म्हणतायत तर तारीख घे. दुसरं मत हवं तर तेही घे, पण डॉक्टरचं. आणि कळ पुन्हा आली आणि थांबेना, ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद आणि शौच पांढुरकी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी निघायचं.

तुझ्या सासूबाईंना सांगितलंयस का? नसेल तर आत्या फोन करेल, तू संकोचू नकोस. सोनोग्राफीचा कागद फोटो काढून पाठव. नळीबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघायचंय, तू ते कुणालाच सांगितलेलं दिसत नाही.

तुझी,
आत्या