जाळीआडचं पातं

शेव्हर घ्यायला गेलं की दुकानदार मोटरचं कौतुक सुरू करतो. मिनिटाला फेरे किती, डोकी किती, पाती किती. मला विचाराल तर शेव्हर म्हणजे जाळी. गालाला लागते ती जाळीच. पातं बिचारं तिच्याआड राबतं. केसाहूनही पातळ असा तो पत्रा. त्याच्या भोकातून खुंट आत डोकावला की आतलं पातं त्याला छाटतं. म्हणून रक्त निघत नाही, आणि म्हणूनच वस्तऱ्यासारखी घोटून दाढीही होत नाही. मध्ये पत्र्याची जाडी उरतेच. ती ज्याला सलते त्याने खुशाल ब्लेड वापरावं. लग्नकार्याच्या सकाळी मीही न्हाव्यासमोरच मान टेकतो.

अमेरिकेत जेकब शिक या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचा कोरडा शेव्हर 1931 मध्ये बाजारात आला. 1939 मध्ये फिलिप्सने गोल फिरणारं डोकं आणलं, आणि पुढे ब्राउनने सरळ पातळ जाळी. घराणी आजही ही दोनच. रोज दाढी करणाऱ्याला सरळ जाळी बरी. गळ्यावरचे केस भोवऱ्यासारखे फिरलेले असतील, किंवा दोन-तीन दिवस टाळाटाळ होत असेल, तर गोल डोकं सोसतं. आठवड्याची दाढी मात्र दोन्हींच्या आवाक्याबाहेरची. लांब केस आडवा पडतो, भोकात शिरत नाही. आधी ट्रिमर फिरवावा.

नव्या शेव्हरने पहिले काही आठवडे गळा लाल होतो, चुरचुरतो. इथेच बहुतेक शेव्हर कपाटात जाऊन पडतात. कातडीला सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच. मशीन दाबून धरू नये. दाबलं की जाळी तापते आणि कातडी भोकात शिरते. कोकणातल्या पावसाळ्यात गाल घामट असतो, शेव्हर अडखळतो. चिमूटभर पावडर लावून बघा, सुरकन फिरतो.

निगा म्हणाल तर बेसिनवर डोकं उघडून हलकेच आपटावं. राखाडी भुकटी पडते; रोजच्या रोज आपण एवढे झडतो हे बघून जरा गंमत वाटते. सोबत मिळालेला ब्रश आतल्या पात्यावर फिरवावा, सरळ जाळीवर कधीच नाही. ती त्याने फाटते. धुण्याजोगा शेव्हर असेल तर कोमट पाणी, थेंबभर पातळ साबण, आणि वाळल्यावर थेंबभर तेल. गोल डोक्याची पाती आणि झाकणं एकत्र काढून ठेवू नयेत. ज्याचं त्याला झिजून बसलेलं असतं. जोड्या बदलल्या की केस ओढले जातात. अधूनमधून जाळी खिडकीच्या उजेडात धरावी. कडेला बारीक चीर दिसली की तो शेव्हर गालाला लावायचा नाही, मग मोटर कितीही जोमात असो.

तसंही वर्ष-दोन वर्षांनी जाळी आणि पातं बदलावंच लागतं. तेव्हा सुट्या जाळीची किंमत ऐकून वाटतं, थोडे पैसे घालून नवाच घेऊ. दुकानदारालाही आपलं हे मन ठाऊक असतं. म्हणून मी घेतानाच विचारतो, ‘‘याची जाळी सुटी मिळते का? दाखवा बरं.’’ ‘‘मागवून देऊ की साहेब,’’ असं उत्तर आलं की मी पुढच्या दुकानाची वाट धरतो.